मे महिन्याच्या उन्हात टिकेल असं ओव्हरक्लॉकिंग: बायोसमधून रॅम आणि प्रोसेसरच्या सेटिंग्ज

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात चालवणं; ते मदरबोर्डच्या बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधून करतात. विदर्भात त्याचा मुहूर्त मे महिन्यातच काढावा. थंडीत लावलेली सेटिंग नवतपा लागला की फसते. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. डिसेंबरच्या रात्री खोली १८ अंशांवर असताना जो प्रोसेसर पूर्ण लोडवर ६८ अंशांवर थांबतो, तोच टिनाच्या छपराखालची खोली ४० वर गेली की ९० ला टेकतो. सेटिंग तीच, व्होल्टेज तेच. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता आणि ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे ४५ ला कोणी बातमी म्हणत नाही. एसी लावलेल्या खोलीत बसून कोणी व्हिडिओत सांगितलेले आकडे आपल्या मशीनवर जसेच्या तसे टाकू नयेत ते यामुळेच.

गावाकडच्या मशीनसाठी माझा क्रम ठरलेला आहे. आधी रॅम, मग प्रोसेसर. प्रोसेसरमध्येही वेग वाढवायच्या आधी व्होल्टेज उतरवायचं. आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओ कापणारा स्टुडिओ असो की गेम खेळणारी पोरं, बऱ्याच जणांकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. रायझन ३२००जी किंवा ५६००जी यांच्या आतल्याच ग्राफिक्सवर काम चालतं. हे ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, रॅममधलाच वाटा घेतं. म्हणून रॅमचा वेग वाढला की सगळ्यात जास्त फरक अशाच मशीनवर दिसतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मशीन फक्त सातबारा काढायला, फॉर्म भरायला आणि प्रिंट मारायला असेल, तर या लेखातलं काहीच करू नका. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. "भाऊ, पीसी हँग मारून रायला" या तक्रारीवर बहुतेक वेळा तेच औषध असतं.

आधी मशीन ओळखा

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे स्पीड दिसेल आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही. रॅमच्या डब्यावर ३२०० लिहिलंय आणि इथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसतंय, म्हणजे तुम्ही पैसे भरलेला वेग अजून वापरलेलाच नाही. मग सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्याच्या मेमरी टॅबमध्ये आकडा निम्मा दिसतो, ३२०० ची रॅम १६०० दाखवते. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते म्हणून तसं. घाबरू नका, रॅम खोटी नाही. एसपीडी टॅबमध्ये एक्सएमपी (रॅम बनवणाऱ्याने आधीच भरून दिलेलं वेगाचं प्रोफाइल) नावाचा रकाना दिसला तर पुढची वाट सोपी आहे.

बाजारात ३२०० च्या दोन जातींच्या रॅम मिळतात आणि दुकानदार क्वचितच फरक सांगतो. एक साधी: सीएल२२, १.२ व्होल्ट, जी स्वतःहून ३२०० वर चालते. दुसरी पत्र्याचं कवच असलेली: बहुधा सीएल१६, १.३५ व्होल्ट, जी एक्सएमपी चालू केल्याशिवाय खालच्या वेगावरच राहते. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून डेटा हाती येईपर्यंतचे ठोके. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात मिळतं. ३२०० सीएल१६ ला १०, ३२०० सीएल२२ ला १३.७५, ३६०० सीएल१८ ला परत १०. नुसता मोठा आकडा पाहून रॅम घेऊ नये ते यासाठी.

त्याहून मोठा प्रश्न एकच पट्टी आहे की दोन. विहिरीवर पाच एचपीचा पंप बसवला आणि पाईप एक इंचाचा टाकला तर पाणी एक इंचाचंच येणार. १६ जीबीची एकच पट्टी लावली की तसंच होतं. ३२०० वर एका चॅनेलला सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो, दोन चॅनेलला ५१.२. आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला ८-८ च्या दोन पट्ट्या हव्यातच. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. एकच पट्टी असेल तर बायोसमध्ये डोकं घालायच्या आधी दुसरी आणा. शक्यतो त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची.

आता बोर्ड. चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, तिचं नाव बोर्डाच्या नावातच असतं. एएमडीच्या ए३२० आणि ए५२० चिपसेटवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. बी४५०, बी५५०, एक्स५७० वर दोन्ही चालतं. इंटेलमध्ये प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'के' आणि बोर्ड झेड मालिकेचा असेल तरच गुणक (मूळ ठोक्याला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) वाढवता येतो. बी५६०, बी६६०, बी७६० वर फक्त रॅम. एच४१०, बी४६०, एच५१०, एच६१० वर रॅम प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे जात नाही. दहाव्या पिढीचा आय५ बी४६० वर असेल तर २६६६ ला गाडी थांबली, मग तुम्ही ३६०० ची रॅम लावा नाहीतर आणखी काही. लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे पर्याय बहुतेक वेळा नसतातच.

वॉरंटीचंही ऐकून ठेवा. एएमडी आणि इंटेल दोघांच्याही अटींनुसार ठरवून दिलेल्या वेगापलीकडे चालवणं वॉरंटीत बसत नाही, आणि कागदोपत्री त्यात रॅमचे प्रोफाइलही येतात.

लाईन, अर्थिंग आणि कापूस

हा भाग शहरातल्या मार्गदर्शकांत सापडणार नाही, आणि आपल्याकडे निम्मं यश इथेच ठरतं.

कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून हात लावा. झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या आतला फिल्टर थोडा करंट अर्थमध्ये सोडत असतो. अर्थ नसेल तर तो पत्र्यावर येऊन बसतो. काळ्या मातीत हा त्रास उन्हाळ्यात वाढतो. जमीन फाटते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि पट्टीचा मातीशी संबंध तुटतो. लाईनमनकडून किंवा ओळखीच्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मार्चपासून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. हे होईपर्यंत बायोसला हात लावू नका. रॅमच्या चुका आणि लाईनचे झटके यांची लक्षणं इतकी सारखी असतात की मग कशाला दोष द्यायचा तेच कळत नाही.

यूपीएस हवाच. लाईन नुसती जाते तेव्हा नुकसान कमी होतं. ती जाऊन-येऊन तीनदा फडफडते तेव्हा जास्त होतं.

मग कॅबिनेट उघडा. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच एका खोलीत भरून ठेवलेला असेल, तर प्रोसेसरच्या हीटसिंककडे टॉर्च मारून पाहा. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर रुईच्या तंतूंची राखाडी गादी साचलेली असते, वरून पाहिलं तर पंखा मस्त फिरतोय असंच वाटतं. पंख्याचे स्क्रू काढून तो उचलल्याशिवाय ती दिसत नाही. ब्रशने गादी उचला, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हीटसिंकच काढला तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी पुरते. नुसत्या या सफाईने लोडवरचं तापमान चांगलंच खाली येतं, आणि ते फुकट असतं.

डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. गारवा मिळतो, पण पॅडवरून उडालेले पाण्याचे बारीक थेंबही येतात, आणि आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते पॅडवर साचलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. तोच थर बोर्डावर नको. कॅबिनेट कूलरच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंच ठेवा आणि समोरची खिडकी उघडी असू द्या.

बायोसमध्ये शिरताना

महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काढून ठेवा. अस्थिर रॅम नेहमीच मशीन बंद पाडत नाही, कधीकधी ती गुपचूप चुकीचा डेटा डिस्कवर लिहिते. त्याचे नमुने स्टुडिओवाल्यांनी पाहिलेले असतील: फोटो उघडला की वरचा अर्धा नवरदेव ठीक आणि खालचा अर्धा नुसता करडा पट्टा. पाहुण्यांचं लग्न परत लागत नाही.

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. विंडोज फार पटकन सुरू होत असेल तर सेटिंग्जमधून रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं जा. पहिलं पान सोपं, शोभेचं असतं. एफ७ दाबलं की एसुस आणि एमएसआयच्या बोर्डांवर ॲडव्हान्स्ड मोड उघडतो, गिगाबाइटवर त्यासाठी एफ२ आहे. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. कंटाळा करू नका.

बायोसची आवृत्ती जुनी असेल तर ती आधी अपडेट करा. रायझन बोर्डांवर रॅम चालण्यातल्या कितीतरी अडचणी नव्या आवृत्तीने सुटतात. पण अपडेट चालू असताना लाईन गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस पूर्ण चार्ज करून आणि आभाळ स्वच्छ असतानाच हे करा. वादळी पावसाच्या संध्याकाळी तर नाहीच.

रॅम: एक्सएमपी चालू करणं

पर्यायाचं नाव प्रत्येक कंपनीने वेगळं ठेवलंय. एसुसवर एआय ट्वीकरमध्ये एआय ओव्हरक्लॉक ट्यूनर उघडून डीओसीपी निवडा, एमएसआयच्या एएमडी बोर्डवर ए-एक्सएमपी, गिगाबाइटवर ट्वीकर किंवा एमआयटी पानावर एक्स्ट्रीम मेमरी प्रोफाइल, ॲझरॉकवर ओसी ट्वीकरमध्ये लोड एक्सएमपी सेटिंग. डीडीआर५ आणि रायझन ७००० पासून पुढे याच कामाला एक्सपो म्हणतात. प्रोफाइल १ निवडा. लगेच खाली पाहा: वेग ३२००, सीएल १६ आणि डीरॅम व्होल्टेज १.३५ असे आकडे स्वतःहून भरले जायला हवेत. व्होल्टेज १.२ वरच राहिलं असेल तर हाताने १.३५ लिहा. एफ१० दाबून सेव्ह करा.

आता हात बांधून बसा. स्क्रीन काळी राहील, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. बोर्ड रॅमशी जुळवून घेतोय, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ वर पहिल्यांदा याला काही मिनिटंही लागतात. घाबरून मागचं बटण बंद करणाऱ्यांनीच या टप्प्यावर जास्त घोळ घातलेत.

बोर्डाला जमलं नाही तर काही प्रयत्नांनंतर तो जुन्या सेटिंगवर परत येतो. आलाच नाही, तर मशीनची वायर काढा, पॉवर बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या आणि बोर्डावरचे सीएमओएस क्लिअर लिहिलेले दोन पिन शोधा. ते बटणासारख्या सेलच्या आसपास असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते दोन्ही दहा सेकंद जोडून धरा. पिन सापडत नसतील तर सेल काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. सगळं मूळ पदावर येतं.

दुसऱ्या खेपेला वेग जरा कमी मागा. प्रोफाइल चालूच ठेवून फक्त फ्रिक्वेन्सी ३००० किंवा २९३३ करा. ३२००जी सारख्या जुन्या चिपची अधिकृत मर्यादा २९३३ च आहे, तिथे अडलं तर वाईट वाटून घेऊ नका. चार पट्ट्या लावल्या असतील किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर असं अडणं नेहमीचंच. डीरॅम १.३५ वरून १.३७ करून पाहता येतं. एएम४ बोर्डवर (रायझन ५००० पर्यंतच्या प्रोसेसरांचे बोर्ड) एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, १.०५ ते १.१ दरम्यान हाताने लावलं तर बऱ्याचदा अडलेली गाडी निघते. रायझन ७००० च्या बोर्डांवर मात्र एसओसी १.३ च्या पुढे कधीच नेऊ नका. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने नव्या बायोसमध्ये तिथेच मर्यादा घातली. जुना बायोस असेल तर आधी अपडेट.

३२०० टिकलं आणि हाव सुटली, तर रायझन ५००० वर ३६०० चा टप्पा पाहण्यासारखा आहे, सोबत एफसीएलके १८०० हवा. रॅमचा खरा ठोका आणि प्रोसेसरच्या आतल्या रस्त्याचा ठोका, म्हणजे एफसीएलके, एकास एक राहिला पाहिजे. ती जोडी तुटली की आकडा वाढूनही मशीन मंदावतं. ३२०० सीएल१६ ची रॅम ताणून ३६०० करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

आतलं ग्राफिक्स वापरणाऱ्यांनी इथेच यूएमए फ्रेम बफर साइज, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम, २ जीबी करून ठेवावी. विंडोजला रॅम तेवढी कमी दिसेल, ते बरोबरच आहे.

तपासणी, आणि ती दुपारी

विंडोज सुरू झालं म्हणजे रॅम पास झाली असं धरू नका. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन सुरू करा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या मारते, १६ जीबीला काही तास जातात. गावठाण फीडरवर लाईन कोणत्या वेळी टिकते ते तुम्हाला माहीतच असेल, तो वेळ धरा. एकही लाल ओळ दिसली तर ती सेटिंग नापास. "एकच तर एरर आहे" हा हिशेब इथे चालत नाही.

पण एक फेरी भर दुपारी, खोली तापलेली असताना नक्की मारा. रॅमच्या पेशीत साठवलेला विद्युतभार गळत असतो आणि बोर्ड तो ठरावीक काळाने परत भरतो. चिप जितकी तापते तितकी गळती वाढते. त्यामुळे पहाटे चार फेऱ्या पार करणारी रॅम दुपारी तीनला चुकू शकते. नंतर विंडोजमध्ये ओसीसीटी या सॉफ्टवेअरची मेमरी टेस्ट तासभर चालवा, आणि शेवटी आपलं रोजचं काम: एक मोठी झिप फाइल सेव्हन-झिपने तपासा, एखादा लांब व्हिडिओ एक्स्पोर्ट करा. सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची खूण) आली की रॅमकडे परत जायचं.

प्रोसेसर: खाली उतरवून वर जाणं

५६००जी स्वतःहूनच ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत झेप घेतो. सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) हाताने ४.२ ला खिळवून ठेवणारे पुष्कळ आहेत; त्यात एका कोअरवरचं काम उलट मंदावतं आणि व्होल्टेज कायम चढलेलं राहतं. बी४५०, बी५५० वर रायझन ५००० असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. ॲडव्हान्स्डमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंग, मग प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (पीबीओ), त्याला ॲडव्हान्स्ड करा, आत कर्व्ह ऑप्टिमायझर: ऑल कोअर, निगेटिव्ह, १०. तेवढ्याच वेगासाठी चिप कमी व्होल्टेज घेते, कमी तापते, आणि वाचलेल्या उष्णतेत स्वतःच थोडा जास्त वेळ वर राहते.

सिनेबेंच ही वेग मोजणारी चाचणी चालवून आधीचा आणि नंतरचा स्कोअर वहीत लिहा. एचडब्ल्यूइन्फो६४ मधून तापमानही. मग कर्व्हचा आकडा १५, मग २०. इथली अस्थिरता फसवी असते. लोडवर मशीन तासभर नीट चालतं आणि नुसतं डेस्कटॉपवर ठेवलं असताना रीस्टार्ट होतं, कारण एखादा कोअर हलक्या कामातच सगळ्यात उंच झेप घेतो. म्हणून रात्रभर मशीन रिकामं चालू ठेवा आणि सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA, हार्डवेअरची चूक) एरर शोधा. दिसली तर पाच पायऱ्या मागे या.

३२००जी वर कर्व्ह ऑप्टिमायझर नाही. तिथे सीपीयू व्होल्टेज ऑफसेट मोडमध्ये उणे ०.०५ व्होल्ट इतकंच करून थांबावं.

इंटेलचा 'के' प्रोसेसर असेल तर गुणक एकेक पायरीने वाढवा. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, म्हणून एक पायरी म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. मूळ ठोक्याला, म्हणजे बीसीएलकेला, हात लावू नका. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत होते आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. तो किंवा त्यानंतरचा बायोसमधून टाकल्याशिवाय त्या पिढ्यांवर काहीही करू नका. टाकल्यावरही मी करणार नाही.

उन्हाळ्याचं वेगळं प्रोफाइल

बहुतेक बोर्ड सेटिंग्ज नाव देऊन साठवू देतात. दोन बनवा. हिवाळ्याच्या प्रोफाइलमध्ये वर जमलेलं सगळं. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये पीबीओच्याच पानावरचं प्लॅटफॉर्म थर्मल थ्रॉटल लिमिट (ज्या तापमानाला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो ते) ८५ करा. ५६००जी ची कंपनीची मर्यादा ९५ आहे, तिथपर्यंत रोज दुपारी कशाला न्यायचं? इको मोड असेल तर ४५ वॉट निवडा. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागतो, पण यूपीएसवर भार हलका होतो आणि लाईन गेल्यावर फाइल सेव्ह करायला दोन मिनिटं जास्त मिळतात. पंख्याचा वेग ७० अंशांवर पूर्ण होईल असा लावा. कूलरच्या घरघरीत तो आवाज ऐकू येत नाही.

मशीन महिनोन्‌महिने लाईनीवरून काढून ठेवलेलं असेल, किंवा जुनं असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपतो आणि वायर निघाली की सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात. याची खूण सोपी: तारीख काही वर्षं मागे जाते आणि बँकेची वेबसाइट सर्टिफिकेटची एरर देते. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलल्यावर साठवलेलं प्रोफाइल परत लोड करा, टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसतंय का पाहा. बायोस अपडेट केलात तर साठवलेली प्रोफाइलंही जाऊ शकतात. तेव्हा मोबाइलमधले फोटो काढायचे आणि एकेक आकडा परत भरायचा.